दोन इंचांची माया

आमच्या हॉलमधल्या बीमवरून तीन वर्षांत एकही मुलगी पडली नव्हती. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना लहानथोर सगळे नाना म्हणत, हे वाक्य प्रत्येक भाषणात टाकायचे आणि हमखास टाळ्या घ्यायचे. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात कोणी पडतच नसेल, तर आधी शंका यायला हवी. ती नानांना आली नाही, सरांना आली नाही, टाळ्या वाजवणाऱ्यांना तर येण्याचं कारणच नव्हतं. मलाही आली नाही, आणि मी तर रोज दोन तास त्याच बीमवर असायचे.

बीम म्हणजे काय ते सांगून टाकते, कारण जळगावात अजून निम्मे लोक मला 'तुमचा तो दांड्याचा खेळ' असं विचारतात. पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि दहा सेंटीमीटर रुंद असा एक आडवा दांडा. त्यावर चालायचं, उड्या मारायच्या, मागे कमान टाकून हातांवर उलटं होऊन पुन्हा पायांवर यायचं, आणि हे करताना चेहरा हळदीकुंकवाला आल्यासारखा हसरा ठेवायचा. दीड मिनिटात उतरायचं. पडलं की एक गुण जातो. एवढाच खेळ आहे.

मी चोपड्याजवळच्या एका गावची. घरी केळी आणि कापूस. पाचवीला मला जळगावला आत्याकडे ठेवलं ते शिकायला, आणि शाळेत पहिल्याच आठवड्यात सरांनी मला वर्गातून उठवलं ते मी बारीक होते म्हणून. "ही हलकी आहे, हिला घ्या," म्हणाले. निवड चाचणी म्हणतात ती एवढीच. सर मूळचे कबड्डीचे. त्यांचे गुडघे गेले तसे ते जिम्नॅस्टिक्सचे झाले. हा खेळ त्यांनी मोबाइलवरच्या व्हिडिओंतून शिकला आणि आम्हाला जागेवर, व्हिडिओ चालू ठेवूनच शिकवला. नेट अडकलं की आम्ही अर्ध्या कमानीत थांबायचो. "चालू झालं, या वर!" असं सर ओरडले की वर यायचं. माणूस मात्र प्रामाणिक होता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. एक दिवस उशिरा आला नाही, एका मुलीला हात उगारला नाही. फक्त आपण काय शिकवतोय हे त्याला माहीत नव्हतं.

हॉल म्हणजे जुनं कापसाचं गोदाम. वर पत्रा. मे महिन्यात दुपारी आत गेलं की पापड भाजून निघावा अशी स्थिती, म्हणून सराव सकाळी सहाला. खालच्या गाद्या नानांच्या ओळखीच्या जिनिंगमधल्या कापसाने भरलेल्या. उडी मारायचं स्प्रिंगबोर्ड जुन्या जीपच्या पाट्यांचं. सगळं इथलंच, आणि त्याचा नानांना फार अभिमान. "बाहेरून काय आणायचं, आपल्याकडे काय कमी आहे?" हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

याच वाक्यातून बीम आला. बीम विकत आणायचा तर परगावाहून आणावा लागणार होता. नानांची सासुरवाडी धुळ्याची, आणि तिथे एक सुतार त्यांच्या माहितीतले. सगळे त्यांना मिस्तरीआबा म्हणत. दारं, देव्हारे, पाळणे यांत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सरांनी एका कागदावर तीन मापं लिहून पाठवली: लांबी, उंची, रुंदी. दोन महिन्यांनी एरंडोलच्या रस्त्याने एक टेम्पो आला. मागून बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधलेलं. आम्ही सगळ्या मुली गेटवर उभ्या.

काय तो बीम होता! अस्सल सागवान. वर फोम आणि मरून रंगाचं रेक्झिन, कडेने सोफ्याला मारतात तशा पितळी खिळ्यांची रांग. पायांवर चक्क मोर कोरलेले. नानांनी फुलांचा हार मागवला. सरांनी टेप काढून लांबी मोजली, बरोबर पाच मीटर. उंची मोजली, बरोबर. रुंदी मोजायला टेप आडवा धरणार, तेवढ्यात नानांनी नारळ फोडला. नारळ फुटल्यावर, टाळ्या पडल्यावर, पेढा हातात आल्यावर पुन्हा मोजमाप काढणं बरं दिसलं नसतं. सरांनी टेप खिशात ठेवला आणि पेढा खाल्ला. पुढची तीन वर्षं त्या बीमची रुंदी कोणी मोजली नाही. खंडेनवमीला मात्र न चुकता त्याची पूजा व्हायची. सरांची शिट्टी, स्टॉपवॉच, जीपचे पाटे आणि मधोमध बीम. त्याला हळदीकुंकू, झेंडूची माळ. कुंकवाचा डाग रेक्झिनवर इतका मुरला की आम्ही त्यालाच मध्य धरून गिरकी घ्यायचो.

मग आमचे दिवस आले. जिल्ह्यात दुसरा बीम नसल्याने जिल्हास्पर्धा आमच्याच हॉलमध्ये. दहावीला खेळाडूंना जादा गुण मिळतात हे पालकांना कळलेलं होतं, त्यामुळे स्पर्धेच्या आठवड्यात भलभलत्या मुली खेळाडू होऊन यायच्या. एकीची आई तिला शिकवणीला जाण्याआधी रिक्षाने आणून सोडायची. ती बूट काढायची, बीमच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायची, परीक्षकांना नमस्कार करायची आणि त्याच रिक्षाने जायची. पडायची नाही! त्यातल्या एका मुलीच्या हातात मोबाइल होता, हे मी शपथेवर सांगेन. आणि मी त्या सगळ्यांत पहिली यायचे. बॅक वॉकओव्हर, म्हणजे ती मागची कमान, बीमवर टाकणारी जिल्ह्यात मी एकटी. मला वाटायचं, माझ्यात काहीतरी आहे. पेपरात फोटो आला, आत्याने तो फ्रिजवर चिकटवला, आणि माझी चालच बदलली. आठवलं की आजही कान गरम होतात.

विभागीय स्पर्धासुद्धा आमच्याकडेच भरवली गेली. 'सुसज्ज हॉल' म्हणून. तेव्हा नाशिककडची एक मुलगी सरावाला बीमवर चढली, चार पावलं चालली आणि खाली बघत राहिली. मग सरांना तिने साधेपणाने विचारलं, "सर, हा मोठा आहे का?"

"मोठा नाही," सर म्हणाले, "मजबूत आहे."

ती मुलगी पुन्हा चालू लागली. तिला सवयीपेक्षा ऐसपैस जागा मिळाली म्हणून की काय, तिची लयच गेली, आणि मी विभागात पहिली आले. मला राज्यस्पर्धेला जायचं होतं.

आता भाऊ. आमच्याकडे वडिलांना भाऊ म्हणतात. भाऊंना बोलण्याचा कंटाळा. केळीच्या बागेत दिवसभर माणूस एकटा असतो, त्याची सवय म्हणा. माझा खेळ त्यांनी एकदाच पाहिला होता आणि सरांना एकच प्रश्न विचारला होता, "यात जिंकस कोन?" सर म्हणाले, "जी पडत नाही ती." भाऊंना नियम समजला, आणि त्यांनी तो कायमचा ध्यानात ठेवला.

मी तेव्हा नववीत होते. दहावीला मला गावाकडच्या शाळेत आणायचं असं घरात चाललं होतं. आईला मी जवळ हवी होते, आत्याच्या घरी तिच्या सुनेचं बाळंतपण येत होतं, आणि लेगिंग घालून उड्या मारणाऱ्या मुलीबद्दल भावकीत जे बोललं जायचं ते आईच्या कानावर येत होतं. मला जळगाव सोडायचं नव्हतं. जळगाव सुटलं की हॉल सुटणार, बीम सुटणार. मी रडले, जेवले नाही, सगळे प्रकार केले. शेवटी भाऊंनी निकाल दिला.

"राज्यले जाय. तठे टिकनी तर जळगाव. पडनी तर घर."

मला हसूच आलं. पडणं? आमच्या हॉलमधून? मी तिथल्या तिथे कबूल केलं.

स्पर्धा पुण्याला होती. आदल्या दिवशी सरावासाठी सगळ्यांना दहा-दहा मिनिटं बीम देतात. तो हॉल बघून मी आधी गार पडले, कारण तो खरंच गार होता, वर एसी होता. सर म्हणाले, "जा, दाखव त्यांना खानदेश." मी हात टेकून वर चढले, उभी राहिले आणि माझ्या दोन्ही पायांच्या कडा हवेत आल्या. मी खाली पाहिलं. मला वाटलं, हा लहान मुलींचा बीम असेल. मी तसं शेजारच्या मुलीला विचारलंसुद्धा. तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरलेले नाही. मग मी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि खाली आले. परत चढले, परत खाली. कमान तर दूरच, मला सरळ चालता येईना. दहा मिनिटांत मी नऊ वेळा पडले.

इथे कोणी दुसरा माणूस असता तर समजून गप्प बसला असता. आमच्या सरांनी लेखी हरकत घेतली. 'आयोजकांनी ठेवलेला बीम नियमापेक्षा बारीक असून आमच्या खेळाडूवर अन्याय होत आहे.' खाली सही, जिल्ह्याचं नाव. ब्लेझर घातलेल्या एक बाई टेप घेऊन आल्या. आजूबाजूला वीस-पंचवीस प्रशिक्षक आणि मुली गोळा झाल्या. बाईंनी टेप आडवा धरला.

"दहा सेंटीमीटर. बरोबर आहे, सर."

"फोम धरून की सोडून?"

"धरून."

"टेप जरा ताणून धरा ना," सर म्हणाले.

बाईंनी ताणून धरला. दहाच. सरांनी स्वतःचा टेप काढला, तोच, तीन वर्षांपूर्वी खिशात गेलेला. त्यावरही दहाच आले. मागून कोणीतरी विचारलं, "सर, तुमच्याकडे किती आहे?"

"आमच्याकडे," सर म्हणाले, "पूर्ण आहे."

जो हशा पिकला, तो आठवला की मी आजही हसते. त्या दिवशी मात्र मला सरांची लाज वाटली, आणि लाज वाटल्याची वेगळी लाज वाटली. सर टेप गुंडाळत उभे होते आणि तो टेप त्यांच्या हातून गुंडाळला जात नव्हता. त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा नंबर यायच्या आधी त्यांनी मला कोपऱ्यात नेलं. हातात क्रेप बँडेज तयार. "पाय मुरगळला म्हण," ते खालच्या आवाजात म्हणाले. "मी अर्ज लिहून ठेवलाय. खेळलीच नाही म्हणजे पडलीच नाही. तुझीही इज्जत राहील, जिल्ह्याचीही."

विचार वाईट नव्हता. भाऊ वर प्रेक्षकांत बसले होते. चोपड्याहून रात्रभर एसटीने आले होते आणि मांडीवर पिशवी घट्ट धरून होते. पाय मुरगळला असता तर मी 'पडले' नसते. जळगाव वाचलं असतं. मी बँडेज हातात घेतलंसुद्धा. मग मला एकाएकी सरांचा भयंकर राग आला, त्यांच्यापेक्षा जास्त माझा. तीन वर्षं मी स्वतःला कोण समजत होते? ते बँडेज मी त्यांच्या हातात परत कोंबलं आणि गेले.

दीड मिनिटात मी सहा वेळा पडले. पहिल्यांदा गिरकीत, कारण कुंकवाचा डाग नव्हता. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा साध्या चालीत. पडल्यावर परत चढायला दहा सेकंद मिळतात आणि ते मोजण्याचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू जातो. पाचव्यांदा पडले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, दयेच्या. त्या टाळ्यांनी मला जेवढं लागलं तेवढं पडून लागलं नाही. कमान मी टाकली, ती अर्ध्यातच घसरली, ती सहावी वेळ. शेवटी उतरले, दोन्ही हात वर करून परीक्षकांना नमस्कार केला, हळदीकुंकवाचा चेहरा आणला. शेवटचा नंबर आला.

बाहेर भाऊ भेटले. "सहा," ते म्हणाले. बोटांवर मोजले होते. परतीच्या प्रवासात पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, ती आम्ही खाल्ली.

जळगावात आमच्या आधी फ्लेक्स पोचला होता. 'राज्यस्तरीय खेळाडूचे हार्दिक अभिनंदन.' वर दोन रांगा पुढाऱ्यांच्या, काही गॉगल लावलेले, मधोमध हात जोडलेले नाना, आणि खाली उजव्या कोपऱ्यात दोन वेण्यांचा माझा पासपोर्ट फोटो. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये सत्कार होता. त्याच्या आधी, पहाटे, मी आत्याचा शिवणाचा टेप घेऊन गेले आणि आमचा बीम मोजला. सहा इंच. म्हणजे पंधरा सेंटीमीटर. मी तीनदा मोजला आणि मग त्या मोरांच्या पायाशी बसून मनसोक्त रडले.

सत्कारात शाल, नारळ, आणि नानांचं भाषण. सरांनी पुण्याची हकीकत कशी सांगितली होती कोण जाणे, पण नानांच्या तोंडून ती अशी निघाली: "पुण्याच्या लोकांनी मुद्दाम बारीक बीम ठेवला! खानदेशची पोर पुढे जाऊ नये म्हणून! हा अन्याय आहे!" जोरदार टाळ्या. अनुशेष, पाणी, रस्ते आणि आता बीम. मग त्यांनी माइक माझ्या हातात दिला. खेळाडूने अशा वेळी 'मी सर्वांची ऋणी आहे' एवढंच म्हणायचं असतं.

"त्यांचा बीम बरोबर होता," मी म्हणाले. "आपला रुंद आहे. दोन इंच. मी सकाळी मोजला."

नाना हसले. माणूस मुरलेला होता. माइक परत घेऊन म्हणाले, "पोर थकली आहे," आणि वंदे मातरम् सुरू करून दिलं.

नंतर ऑफिसात मी, सर, भाऊ आणि नाना. मी म्हटलं, नाना, दोन्ही बाजूंनी एक-एक इंच तासून घेऊ. एका दिवसाचं काम आहे. नानांनी मला समजावलं, आणि खरं सांगते, रागावून नाही, अगदी प्रेमाने समजावलं. "बेटा, तासला तर पोरी पडतील. पडल्या तर पालक पाठवतील का? पुढची विभागीय आपल्याकडेच आहे. नाशिकच्या पोरी येऊन जिंकून जातील. तुझ्या एकटीसाठी सगळ्यांचं नुकसान करायचं का?" सर खिडकीबाहेर बघत होते.

भाऊ उठले. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चाल. सामान बांध." शब्द म्हणजे शब्द. सहा वेळा पडले होते, घरी जायचं होतं. आत्याच्या घरून माझी ट्रंक निघाली, गाडीच्या टपावर गेली, आणि मी चोपड्यापर्यंत भाऊंशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे, तेही बोलले नाहीत.

चार दिवसांनी मात्र ते मला म्हणाले, "धुळाले जावानं शे." धुळ्याला जायचं आहे म्हटल्यावर मला वाटलं कोणाचं लग्न असेल. एरंडोल मागे पडलं, पारोळा गेलं, तरी कशासाठी चाललोय याचा मला पत्ता नाही. गाडी थांबली ती मिस्तरीआबांच्या दुकानासमोर. आबा सत्तरीचे, कानामागे पेन्सिल, अंगभर भुसा. भाऊंनी त्यांना काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं. आबा चिडले नाहीत, ओशाळलेही नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला.

"मीच रुंद करी दिना!" ते म्हणाले. "कागदवर चार इंच व्हतं. मी म्हनं, चार इंचवर कोन चालस? पोरी पडतीन, हात-पाय मोडतीन. मनी नात शे हाई पोरीएवढी. मना डोयासमोर तीच उनी. म्हनं, मास्तरनी लिखामा चूक व्हई गयी व्हई. दोन इंच वाढाई दिना, कोनले सांगं नही." मग माझ्याकडे बघून, अगदी कौतुकाची अपेक्षा ठेवून विचारलं, "पडनी नही ना माय कधी?"

नातीएवढ्या पोरी पडतील या भीतीने ज्याने मापच वाढवलं, त्या म्हाताऱ्यावर मला ओरडायचं होतं. सबंध एसटीभर, सबंध फ्लेक्सभर जो राग साठला होता, तो कोणावर तरी काढायचाच होता. पण राज्यात हसं व्हायला कारणीभूत माणूस शोधत जावं आणि तिथे हा निघावा, यावर काय बोलणार? मी म्हटलं, "नाही, आबा. तुमच्या बीमवरून कधीच नाही पडले."

"आते दुसरा करा," भाऊ म्हणाले. "चार इंच. अर्धा सूत कमीच धरा."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यातलंही अर्धं कमी म्हटल्यावर आबांचा चेहरा पडला. त्यांनी भाऊंकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. मी दहावी गावच्या शाळेतून केली आणि त्याच शाळेतर्फे पुन्हा स्पर्धेला उतरले. जिल्ह्याला आमच्या त्याच जुन्या बीमवर चढले तेव्हा मला वाटलं, यावर ट्रॅक्टर वळवता येईल. राज्याला एकदाच पडले, बावन्न मुलींत एकोणिसावी आले. फ्लेक्स कोणी लावला नाही. आता मी जळगावात दुसऱ्या एका हॉलमध्ये मुलींना शिकवते, आणि दर जून महिन्यात एक तरी आई मला बाजूला घेऊन विचारते, "ताई, तो दुसरीकडचा मोठा बीम आहे ना, त्यावर नाही का घेत? तिथं म्हणे मेडल लवकर मिळतं." तो बीम अजून आहे. मोर शाबूत आहेत, कुंकवाचा डाग आहे, खंडेनवमीला हार पडतो. त्याच्यावरून अजूनही कोणी पडत नाही, असं नाना सांगतात. सर मात्र गेल्या वर्षी माझ्या हॉलवर आले होते. बराच वेळ मुलींचा सराव बघत बसले, आणि जाता जाता खिशातून टेप काढून आमचा बीम आडवा मोजला. मग मान हलवून गेले.

पण मला सांगायचा आहे तो त्याआधीचा, नव्या बीमचा पहिला दिवस. आबांनी केलेला बीम धुळ्याहून आमच्या शेतातल्या शेडमध्ये आला, जिथे केळीचे घड धुऊन खोक्यांत भरतात. साधा, मोर नाहीत, खिळे नाहीत. आबा स्वतः टेम्पोत बसून आले होते. यावेळी नारळ फोडायच्या आधी भाऊंनी रुंदी मोजली. खाली पसरायला कापूस घरचाच होता, भाव येईल म्हणून दिवाळीपासून खोली भरून ठेवलेला. तो पोत्यांत भरून दोन्ही बाजूंना टाकला. अखेर तो असा कामाला आला.

मी चढले. आबा बीमच्या शेजारून, दोन्ही हात वर पसरून, माझ्या बरोबरीने चालू लागले. मी चार पावलांत पडले. आबांच्या तोंडून "आरे माय वो!" निघालं. मी परत चढले, परत पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा त्यांना राहवलं नाही. कानामागची पेन्सिल काढून ते भाऊंकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"एक पट्टी लाई देऊ का बाजूले? एक सूत तरी?"

भाऊ केळीच्या खोक्यावर बसले होते. पुण्याहून आल्यापासून त्यांनी पडण्याचा विषय काढला नव्हता, आणि मीही मनातून त्यांना माफ केलं नव्हतं. ते आबांकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले.

"पडू द्या तिले, आबा. हाई घरच शे."

त्या दिवशी मी अकरा वेळा पडले. मोजत आबा होते. भाऊंनी मोजणं सोडलं होतं.